वाचक विचारतात: भुताने खुन्याचं नाव सांगितलं तर चालेल का?

मागच्या अंकात टीनएजर मुलांसाठीच्या भयकथा आणि खुनाच्या रहस्यकथांबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, आणि आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न वाचणाऱ्यांचे नाहीत तर लिहिणाऱ्या मुलामुलींचे आहेत, याचा मला फार आनंद झालाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत, फक्त गाव-उपनगर ठेवलंय.

ताई, दहावीची परीक्षा संपल्यावर मी पहिल्यांदाच मोठी गोष्ट लिहायला घेतलीय. एका सोसायटीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत अकरावीतली मुलगी मेलेली सापडते, सगळे म्हणतात पाय घसरून पडली, मग तिचं भूत तिच्या बेस्ट फ्रेंडला दिसायला लागतं आणि शेवटी भूतच सांगतं खून कोणी केला ते. माझी मैत्रीण म्हणते ही चीटिंग आहे. आहे का? (डोंबिवली)

मैत्रिणीचं म्हणणं मला पटतं, पण ती भूतच काढून टाक म्हणत असेल तर ते नको ऐकूस. भूत आलं यात काही चीटिंग नाही, चीटिंग होते ती भुताने उत्तर दिल्यावर. वाचणारी मुलगी एवढी पानं डोकं लावत बसलेली असते, वॉचमन त्या रात्री जागेवर होता का, टाकीचं झाकण एकट्या माणसाला उचलेल का, गच्चीची किल्ली कोणाकोणाकडे होती, आणि शेवटच्या पानावर भूत येऊन नाव सांगून जातं, मग तिने डोकं लावलं कशाला?

हा वाद जुना आहे. रोनाल्ड नॉक्स नावाचा एक इंग्लिश पाद्री होता, स्वतः रहस्यकथा लिहायचा, त्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम काढले आणि त्यातल्या दुसऱ्याच नियमात भूतखेत, चमत्कार सगळं बाद करून टाकलं. त्याच्याही आधी, १९०१-०२ मध्ये, कॉनन डॉईलची बास्करव्हिल घराण्याच्या कुत्र्याची गोष्ट मासिकातून क्रमशः येत होती, त्यात शापाची दंतकथा आहे, माळरान आहे, रात्रीचं ते ओरडणं आहे, पण होम्स तपास करतो तो माणसाचाच. म्हणजे भीती भुताची आणि उत्तर माणसाचं, हा रस्ता तेव्हाच सापडला होता. तुला त्याच्या एक पाऊल पुढे जायचंय, तुझं भूत खरंच आहे, आणि ते चालतं, माझ्या मते टीनएजरसाठीच्या गोष्टीत तर ते जास्तच चांगलं चालतं. फक्त भुताला साक्षीदार ठेव, निकाल त्याच्या तोंडून नको. आणि साक्षीदाराला तेवढंच माहीत असतं जेवढं त्याने पाहिलं. तुझ्या मुलीवर मागून हल्ला झाला असेल तर मेल्यावर तिला एकदम खुन्याचा चेहरा कसा कळेल? तिला शेवटी काय जाणवलं, कुठला वास आला, कुठला आवाज ऐकू आला, एवढंच ती आणू शकते, आणि त्याचा अर्थ काय ते जिवंत मुलीने शोधायचं.

आपल्याकडची जुनी भुतं बघ, त्यांना सगळ्यांना हद्द आहे. मुंजा पिंपळ सोडत नाही, गिऱ्हा पाण्यापाशीच असतो, चकवा फक्त वाट चुकवतो, तुम्ही त्याच त्याच जागी फिरून येता. आजी लोक गोष्ट सांगताना ती हद्द आधी सांगायच्या, म्हणून तर भीती वाटायची, कारण पिंपळाखालून जाताना आता काय होऊ शकतं हे ऐकणाऱ्याला माहीत असायचं. तुझ्या भुताचे नियमही पहिल्या तीन-चार प्रकरणांत सांगून टाक. ते कुठे येतं, किती वेळ थांबतं, बोलतं की नुसतं दिसतं. आणि एकदा सांगितलेला नियम शेवटी अडचण झाली म्हणून मोडू नकोस, ही खरी चीटिंग.

आता टाकीचं. तुझ्या हातात एक जबरदस्त क्लू आहे आणि तुझं त्याच्याकडे लक्षच गेलं नाहीये असं वाटतं. पाण्यात डायटम नावाचे सूक्ष्म जीव असतात, एकपेशीय शेवाळाचा प्रकार, त्यांचं कवच सिलिकाचं म्हणजे काचेच्याच जातीचं असतं, त्यामुळे ते सहज नष्ट होत नाही. माणूस जिवंतपणी बुडाला तर नाकातोंडातून गेलेल्या पाण्याबरोबर ते फुप्फुसात जातात, तिथून रक्तात, आणि हृदय चालू असेल तर रक्ताबरोबर पार हाडांच्या आतल्या मज्जेपर्यंत पोचतात. आधीच मेलेल्या माणसाला पाण्यात टाकलं तर हृदय बंद असतं, मग मज्जेपर्यंत सहसा जात नाहीत. आणि मजा पुढे आहे, खाडीच्या खारट पाण्यातले डायटम वेगळे, तळ्यातले वेगळे, आणि नळाच्या शुद्ध केलेल्या पाण्यात तर फारच कमी. डोंबिवलीला खाडी आहेच. समज ती मुलगी खाडीत बुडाली आणि नंतर कोणीतरी तिला आणून गच्चीवरच्या टाकीत टाकलं, तर टाकीतल्या मुलीच्या हाडात खाडीचे डायटम सापडतील! नुसत्या या टेस्टवर कोर्टात निकाल लागत नाही, डॉक्टर इतर खुणाही बघतात, पण पाय घसरला ही थिअरी मोडायला एवढं पुरे.

आता यात भूत बसव. भूत येतं तेव्हा मैत्रिणीच्या ओठावर मिठाची चव येते, रोज रात्री, तिला कळतच नाही का, टाकीचं पाणी तर गोडं आहे ना. चारेक प्रकरणं ती चव तशीच राहू दे. मग लॅबचा रिपोर्ट येऊ दे. भुताने काहीच सांगितलं नाही आणि तरी सगळं सांगितलं, आणि वाचणाऱ्या मुलीला ती चव पहिल्यापासून माहीत होती, म्हणजे चीटिंगचा प्रश्नच मिटला.

अजून एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तू पाठवलेल्या तीन पानांत मेलेल्या मुलीचं नाव एकदाच आलंय, नंतर सगळीकडे 'बॉडी' आणि 'भूत'. ती अकरावीत होती, तिला काय आवडायचं, तिचं कोणाशी भांडण होतं, तिचा मोबाइल आता कोणाकडे आहे, तिच्या आईने तिचा युनिफॉर्म अजून कपाटात ठेवलाय का? तुझ्या वयाचे वाचणारे आहेत, त्यांच्याच वयाचं कोणी मेलंय. त्यांना भीती वाटायच्या आधी ती मुलगी आवडली पाहिजे, नाहीतर खून कोणी केला याचं त्यांना काय पडलंय.

सगळ्या भुताच्या गोष्टी कोकणात नाहीतर पडक्या वाड्यात. मी लालबागला राहतो, रात्री दोनलाही रस्त्यावर माणसं असतात, लाइट असतात. मुंबईत भीती दाखवायची कशी? (नववी, लालबाग)

अरे, तुझ्या आसपास तर भयकथेचा खजिना पडलाय! १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यानंतर बहुतेक गिरण्या कधी नीट उभ्याच राहिल्या नाहीत आणि आज त्याच जागांवर मॉल आणि टॉवर आहेत, मधूनच एखादी धुराची चिमणी तेवढी राहिलीय. तुझ्या बिल्डिंगमधल्या एखाद्या आजोबांना विचार की गिरणीचा भोंगा झाला की काय व्हायचं. आता असा विचार कर की चाळिसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या मुलीला रोज पहाटे भोंगा ऐकू येतो, जो कित्येक वर्षं वाजलेलाच नाही, आणि खाली जुन्या चाळीतल्या एकाच म्हाताऱ्यालाही तो ऐकू येतो. इथून तुझी गोष्ट सुरू होऊ शकते, पडका वाडा लागतच नाही.

गर्दी असली की भीती नसते हे मला पटत नाही. कोकणातल्या घरात एकटा मुलगा घाबरला तर ओरडतो, कोणी ऐकत नाही. लोकलच्या डब्यात घाबरला तर ओरडताच येत नाही, कारण आजूबाजूला शंभर माणसं मोबाइल बघतायत आणि समोर बसलेला माणूस फक्त ह्यालाच दिसतोय. ही मुंबईची भीती. जुन्या चाळीत रात्री गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत जाणं, सगळ्यांची दारं बंद, एकच दार थोडंसं उघडं, आणि ती खोली तर सहा महिन्यांपासून कुलूपबंद आहे. लिफ्ट, जी न दाबलेल्या मजल्यावर थांबते. ट्रान्झिट कॅम्प, म्हणजे बिल्डिंग पाडल्यावर मिळणारी तात्पुरती घरं, जिथे आलेल्या कुटुंबाला आधीच्या कुटुंबाबद्दल काहीच माहीत नसतं.

आणि खुनाची गोष्ट म्हणशील तर चाळीसारखी जागा नाही. बंद खोलीतला खून हा रहस्यकथेचा लाडका प्रकार, पण चाळीत बंद असं काही नसतंच, सगळ्यांनी सगळं पाहिलेलं असतं, आणि प्रत्येकाने वेगळं पाहिलेलं असतं. एक म्हणते तो नऊला घरी आला, दुसरा म्हणतो साडेनऊला कारण तेव्हा अमुक मालिका लागलेली, तिसरीला त्या घराशी बोलायचंच नाहीये कारण गणपतीच्या वर्गणीवरून भांडण झालंय. खोटं कोण बोलतंय आणि कोणाच्या नुसतं लक्षात राहिलं नाही, हे शोधणं हाच तपास. हेतू पण शोधायला लांब जायला नको, पागडीची खोली, रीडेव्हलपमेंट, कोणाची सही झाली, कोण सही करत नाही, वारस कोण. मुलांना यातलं काही कळत नाही असं मोठ्यांना वाटतं, पण घरात रात्री दबक्या आवाजात जे चालतं ते तुम्ही मुलं ऐकताच ना?

अजून एक देते. २६ जुलै २००५. तेव्हा तुझा जन्म नव्हता, आईबाबांना विचार, प्रत्येक मुंबईकराकडे त्या दिवसाची एक गोष्ट असते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात भरती, त्यामुळे पाणी समुद्रात जाईना, लोकल बंद, फोन लागेनात, माणसं रात्रभर ऑफिसात, शाळेत, बसच्या टपावर. रहस्यकथावाले बर्फात अडकलेली हवेली शोधत बसतात जिथून कोणी बाहेर जाऊ शकत नाही आणि पोलीसही येऊ शकत नाहीत, आपल्याला ती एका रात्रीत मिळाली होती. शाळेच्या पहिल्या मजल्यावर अडकलेली वीस मुलं, दोन शिक्षक, एक शिपाई, तळमजला पाण्याखाली, आणि सकाळी मोजली तर मुलं एकवीस. बघ जमतंय का. फक्त त्या दिवशी खरंच खूप माणसं गेली, म्हणून खऱ्या कोणाचा मृत्यू उचलून त्यात भूत घालू नकोस. तसंच इंटरनेटवर मुंबईतल्या झपाटलेल्या बिल्डिंगांच्या याद्या फिरतात त्यातली खरी बिल्डिंग नावासकट घेऊ नकोस, तिथे लोक राहतात, त्यांची मुलं शाळेत जातात. रस्ते, स्टेशनं, समुद्र खरे ठेव आणि बिल्डिंग मनाची.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, भुताच्या आणि खुनाच्या गोष्टींशिवाय काही वाचत नाही. सासूबाई म्हणतात पुस्तकं लपवून ठेव. मला काळजी वाटते. (मुलुंड)

ताई, लपवू नका. लपवलेलं पुस्तक तो मित्राकडून आणेल आणि मग घाबरला तरी तुम्हाला सांगणार नाही, तेच जास्त वाईट. या वयात मुलांना पहिल्यांदाच नीट कळायला लागतं की माणसं मरतात, चांगली माणसंही वाईट वागतात, मोठे खोटं बोलतात, आणि हे सगळं ती पुस्तकात सुरक्षितपणे बघतात कारण पुस्तक मिटता येतं. रत्नाकर मतकरींनी मराठीत अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या आणि त्याच मतकरींनी लहान मुलांसाठी बालनाट्यं लिहिली आणि केली, एकाच माणसाला दोन्ही महत्त्वाचं वाटलं, यावरून मला तरी खूप धीर येतो.

लक्ष कुठे ठेवायचं ते सांगते. दोन दिवस लाइट लावून झोपला तर झोपू द्या. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, एकटा बाथरूमला जात नाही, शाळा नको म्हणतो, किंवा घरात नुकतंच कोणी गेलंय आणि त्यानंतर हे वेड लागलंय, तर शाळेच्या काउन्सेलरशी नाहीतर डॉक्टरांशी बोला. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलीमानस हेल्पलाइन पण आहे, १४४१६, फुकट. आणि पुस्तकापेक्षा त्याच्या मोबाइलवर काय आहे ते बघा. खऱ्या खुनांचे सीसीटीव्हीचे व्हिडिओ ग्रुपवर फिरत असतात, त्यात ना गोष्ट असते ना शेवट, नुसतं एका खऱ्या माणसाचं मरण असतं. पुस्तक आणि हे एकाच पारड्यात टाकू नका. जमलं तर त्याचं एक पुस्तक तुम्हीही वाचा आणि जेवताना विचारा, तुला संशय कोणावर होता रे? बघा किती बोलतो ते.

माझी डिटेक्टिव्ह पंधरा वर्षांची आहे. इन्स्पेक्टर तिला सगळे रिपोर्ट दाखवतात. सर म्हणाले हे अशक्य आहे. (ठाणे)

सर बरोबर आहेत. संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस आधी अपमृत्यूची नोंद करतात, ज्याला एडीआर म्हणतात, पंचनामा होतो, बॉडी पोस्टमॉर्टेमला जाते, आणि यातलं काहीही ते शेजारच्या मुलीला दाखवणार नाहीत. पण पोलिसांना जे दिसत नाही ते तिला दिसतं की! ट्यूशनच्या ग्रुपवर कोण अचानक गप्प झालं, कोणी प्रोफाइल फोटो बदलला, कोण रोज पाचच्या बसने जायचा आणि आता जात नाही. तिला तिच्याच जगात तपास करू दे आणि शेवटी तिने ते एखाद्या मोठ्या माणसाला नेऊन सांगू दे, आणि त्याने आधी विश्वास ठेवला नाही तर उत्तमच.

अजून, तुझ्या इन्स्पेक्टरच्या तोंडी '३०२ लावा' आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय आणि खुनाचं कलम आता १०३ आहे, त्यामुळे गोष्ट आजची असेल तर ते बदल. आणि तुझा खुनी सतरा वर्षांचा आहे, त्याला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, तो बाल न्याय मंडळापुढे जातो, त्याचं नाव पेपरात छापता येत नाही. हे अडचण म्हणून बघू नकोस. सगळ्या शाळेला माहितीय कोण ते आणि कोणी नाव घेत नाही, यातून केवढं प्रकरण होईल.

माझ्या गोष्टीत मांत्रिक मुलीच्या अंगातलं भूत काढतो आणि मग खुनी कळतो. बाबा म्हणतात असं लिहिणं गुन्हा आहे. (कल्याण)

लिहिणं गुन्हा नाही, करणं गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये आपला जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवायच्या नावाखाली कोणाला दोरीने नाहीतर साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं, हे सगळं त्याच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

पण बाबांची काळजी मला समजते. तुझ्या सीनमध्ये मांत्रिक त्या मुलीला झोडपतो आणि त्यामुळे ती बरी होते. तुझी गोष्ट वाचणाऱ्या एखाद्या मुलीच्या घरी हे खरंच चालू असेल, आणि तुझ्या पुस्तकात तिला सांगितलं जाईल की मार खाल्ला की बरं वाटतं. हे मला अजिबात चालणार नाही आणि मी तुला स्पष्ट सांगते, तो सीन बदल. मांत्रिक ठेव, खुशाल ठेव, घाबरवू दे त्याला. पण त्याला एवढी घाई का झालीय ते शोध. ती मुलगी जे बडबडतेय त्यात खुनाची माहिती आहे, आणि तिला कोणीतरी गप्प करायला त्याला पैसे दिलेत. तुझा खुनी तिथेच सापडेल.

खून रात्री अकराला, मे महिना, बॉडी सकाळी सातला सापडते. शरीर कडक झालेलं दाखवू की नको? (बोरिवली)

दाखव. साधारण दोन ते चार तासांत कडकपणा सुरू होतो, आधी पापण्या, जबडा, मान, मग खाली हातपाय, आणि बारा तासांच्या आसपास पूर्ण शरीर. उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं आणि लवकर उतरतंही, थंडीत उशिरा. म्हणजे मे महिन्यात सातला बऱ्यापैकी कडक असणार. पण तुझ्या खुन्याला वेळ फसवायची असेल तर तो एसी सोळावर ठेवून जाईल, खोली गार, कडकपणा उशिरा, आणि नुसता कडकपणा बघितला तर डॉक्टरांना वाटेल मृत्यू नंतर झाला, तेव्हा तर हा दुसरीकडे पार्टीत होता. एसी पहाटे बंद व्हायला टायमर लावलेला असेल. मग तुझ्या हिरोला फक्त एवढं लक्षात यायला हवं की मे महिन्यात खिडकीच्या काचा बाहेरून ओल्या का होत्या.